शंभर अंशांचा हिशेब



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही त्यांच्या फळ्यावरचाच असावा, असे मला वाटले. प्रश्न एका ओळीचा आहे. एखादा पदार्थ अमुक तापमानालाच का उकळतो, आणि त्यात हायड्रोजन बंधाचा वाटा किती?

अकरावी-बारावीच्या मुलांना याचे उत्तर पाठ असते. ‘हायड्रोजन बंधामुळे पाण्याचा उत्कलनांक जास्त असतो.’ एक गुण मिळतो आणि धडा संपतो. वाक्य खरे आहे. पण जास्त म्हणजे कशापेक्षा? किती? अमोनियातही हायड्रोजन बंध असतात, मग तो उणे ३३ अंशांनाच का उकळून जातो? आणि हायड्रोजन फ्लुओराइडमधला बंध पाण्यातल्या बंधाहून बळकट असूनही तो पाण्याच्या ८० अंश आधी का उकळतो? पाठ केलेल्या वाक्यातून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. आजचे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

आधी १०० या आकड्याकडे पाहू. तो निसर्गाने दिलेला नाही, आपण ठरवलेला आहे. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली, तेव्हा उकळते पाणी शून्यावर आणि गोठणारे पाणी शंभरावर होते. पुढे ती उलटी केली गेली. तेव्हा शंभर या संख्येत काही गूढ नाही. गूढ आहे ते पाण्याच्या भावंडांच्या आकड्यांत, आणि तिकडे आपण येणारच आहोत.

द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू सतत निसटत असतात. तापमान वाढले की निसटणारे वाढतात, त्यांचा दाब वाढतो. हा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रवाच्या आतही बुडबुडे धरू लागतात. ते तापमान म्हणजे उत्कलनांक. त्यामुळे हवेचा दाब बदलला की उत्कलनांक बदलतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाणी १०० अंशांना उकळते, महाबळेश्वरच्या पठारावर ९५ च्या आसपास, लेहमध्ये ८८ च्या आसपास. कुकरमध्ये दाब जवळजवळ दुप्पट होतो, पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापते, आणि डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. यापुढे मी जे आकडे सांगेन ते समुद्रसपाटीच्या दाबाचे आणि सेल्सिअस अंशांत आहेत.

उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे असतात, असे वर्गात विचारून पाहा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे, असे सांगणारी मुले हमखास निघतात, आणि त्यांत हुशार मुलेही असतात. बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे असतात. रेणू अखंड राहतो, तो फक्त शेजाऱ्यांपासून सुटतो. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात. दोन शेजारी रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला लागतात सुमारे २०. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की उकळण्यात नेमके काय तुटते ते कळते. उत्कलनांक हा एकट्या रेणूचा गुणधर्म नाहीच. तो शेजाराचा गुणधर्म आहे. पाण्याचा एकच रेणू घेतला तर त्याचा उत्कलनांक किती, या प्रश्नाला अर्थच नाही.

आता भावंडे. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली सल्फर, सेलेनियम आणि टेल्युरियम आहेत. तिघांचीही दोन हायड्रोजन अणूंशी पाण्यासारखी संयुगे होतात. हायड्रोजन टेल्युराइड उणे २ अंशांना उकळते, हायड्रोजन सेलेनाइड उणे ४१ ला, हायड्रोजन सल्फाइड उणे ६० ला. रेणू लहान होत जातो तसा उत्कलनांक उतरतो. ही रेघ तशीच ओढत पाण्यापर्यंत नेली तर ती उणे ८० च्या आसपास पोचते. प्रत्यक्षात पाणी अधिक १०० ला उकळते. म्हणजे ‘जास्त’ या शब्दाची किंमत १८० अंश आहे. ते १८० अंश काढून घेतले तर पृथ्वीवर एकही नदी, एकही समुद्र राहणार नाही, आणि आपणही नाही.

रेणू लहान झाल्यावर उत्कलनांक का उतरतो? रेणू हलका होतो म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. हे उत्तर मला मान्य नाही, आणि त्यासाठी एक सरळ पुरावा देतो. बेंझिनमधल्या सहाही हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन घातला की रेणुवस्तुमान ७८ वरून ८४ होते. वजन वाढले, तर उत्कलनांकही वाढायला हवा. साधे बेंझिन ८०.१ अंशांना उकळते आणि जड बेंझिन ७९.१ ला. एक अंश आधी! वजन हे कारण नव्हेच. मोठ्या अणूंत इलेक्ट्रॉन जास्त असतात, त्यांचा ढग सैल असतो, तो क्षणभर एका बाजूला कलंडतो आणि शेजारच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनांनाही कलंडवतो. या क्षणिक कलंडण्यातून रेणूंमध्ये आकर्षण निर्माण होते. फ्रिट्झ लंडनने १९३० च्या सुमारास त्याचा पुंजयांत्रिक हिशेब मांडला. हे बल सर्वत्र असते, प्रत्येक रेणूत असते. हायड्रोजन बंध त्याच्यावर भर घालतो, त्याची जागा घेत नाही. पुढच्या सगळ्या तुलना करताना हे लक्षात ठेवा.

कार्बनच्या रांगेत ही भर नसते. टिनचे संयुग स्टॅनेन उणे ५२ ला उकळते, जर्मेन उणे ८८, सिलेन उणे ११२ आणि मिथेन उणे १६१. रेघ कुठेही मोडत नाही. नायट्रोजनच्या रांगेत ती मोडते. स्टिबिन उणे १७, आर्सिन उणे ६२, फॉस्फिन उणे ८८ आणि मग अमोनिया एकदम वर उणे ३३. हॅलोजनांच्या रांगेतही तेच. हायड्रोजन आयोडाइड उणे ३५, ब्रोमाइड उणे ६७, क्लोराइड उणे ८५ आणि फ्लुओराइड अधिक २०. सोळा संयुगे, त्यांतली तीनच रेघ सोडून वर गेलेली. अमोनिया, पाणी, हायड्रोजन फ्लुओराइड.

या तिघांत सारखे काय? हायड्रोजन अशा अणूला जोडलेला आहे, जो इलेक्ट्रॉनांची जोडी आपल्याकडे ओढून घेतो. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच. तोही ओढला गेला की त्याचे जवळजवळ उघडे धन टोक मागे उरते. शेजारच्या रेणूवर कुठल्याही बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी असते. उघडे टोक तिच्याकडे वळते, शक्यतो सरळ रेषेत. एक रेणू हायड्रोजन देतो, दुसरा जोडी पुढे करतो. झाला हायड्रोजन बंध.

नुसत्या या ओढीवर, म्हणजे विद्युतऋणतेवर, मात्र भागत नाही. नायट्रोजनची विद्युतऋणता ३.०४ आणि क्लोरिनची ३.१६. क्लोरिन किंचित वरचढ आहे, तरी हायड्रोजन क्लोराइड आपली रेघ सोडत नाही. क्लोरिनचा अणू मोठा, त्याच्या एकाकी जोड्या ऐसपैस जागेत पसरलेल्या. त्यांचा ऋणभार विरळ होतो आणि हायड्रोजनला धरून ठेवण्याइतका नेमका बिंदू मिळत नाही. ओढ हवी आणि अणू लहानही हवा.

आता मला सर्वात आवडणारा भाग. तिघांपैकी फ्लोरिनची ओढ सर्वांत तीव्र, त्यामुळे एकेकटा बंध मोजला तर हायड्रोजन फ्लुओराइडचा बंध पाण्याच्या बंधाहून बळकट भरतो. तरी पाणी १०० ला उकळते आणि हायड्रोजन फ्लुओराइड २० ला. पाठ केलेले वाक्य इथे मुकाट होते. उत्तर मिळते ते मोजणीतून. हायड्रोजन फ्लुओराइडच्या रेणूकडे देण्यासारखा हायड्रोजन एक आणि घेण्यासाठी एकाकी जोड्या तीन. घ्यायला जागा तीन असल्या तरी देणारे टोक प्रत्येकाकडे एकच, त्यामुळे बंधांची संख्या रेणूमागे एकाच्या वर जाऊ शकत नाही. दोन जोड्या रिकाम्या राहतात. अमोनियाचे नेमके उलटे आहे. द्यायला तीन हायड्रोजन, घ्यायला जोडी एक. तिथेही रेणूमागे बंध एकच, आणि नायट्रोजनची ओढ कमी असल्याने तो बंध अशक्तही. पाण्याकडे द्यायला दोन, घ्यायला दोन. काहीही वाया जात नाही. रेणूमागे दोन बंध, म्हणजे प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी जोडलेला. शिवाय ही चार टोके साधारणपणे चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे असल्यामुळे नुसती साखळी न बनता तिन्ही दिशांनी जाळे विणले जाते. बर्फात हे जाळे पूर्ण असते. द्रव पाण्यात बंध तुटत आणि पुन्हा जुळत राहतात, एकेक बंध सेकंदाच्या लक्षकोट्यंश भागाच्या हिशेबात टिकतो, पण कोणत्याही क्षणी पाहिले तर बहुतेक बंध जागेवर असतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की उत्कलनांक समजून घेताना ‘बंध आहे का’ हा पहिला आणि सर्वांत सोपा प्रश्न. त्यापुढचे दोन खरे महत्त्वाचे. देणारी आणि घेणारी टोके जुळतात का? आणि तो बंध कोणाकोणामध्ये होतो?

देण्याघेण्याच्या या समतोलाची कल्पना आजची नाही. १९२० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडेबुश या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. गिल्बर्ट लुईसच्या इलेक्ट्रॉन-जोडीच्या सिद्धान्तावर तो आधारलेला होता. अमोनिया हायड्रोजन स्वीकारायला उत्सुक, हायड्रोजन क्लोराइड तो सोडायला उत्सुक, आणि पाण्यात या दोन्ही प्रवृत्ती जवळजवळ सारख्या, अशी त्यांची मांडणी होती. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की एका पाणीरेणूवरची मोकळी जोडी दुसऱ्याच्या हायड्रोजनला धरून ठेवू शकेल, आणि द्रव पाणी म्हणजे उष्णतेने सतत मोडणारे आणि पुन्हा जुळणारे रेणूंचे मोठाले समूह असतील. क्ष-किरणांनी द्रवाची रचना तपासण्याची सोय तेव्हा नव्हती, संगणक नव्हते. निव्वळ विचार आणि हाताशी असलेली मोजमापे यांच्या बळावर त्यांनी हे लिहिले, आणि शंभर वर्षांनंतरही त्यातला गाभा टिकून आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या मॉरिस हगिन्स या तरुण विद्यार्थ्याच्या मनात ही कल्पना आधीच आली होती, आणि लुईसने १९२३ च्या आपल्या ग्रंथात त्याचे श्रेय नोंदवले. पुढे लायनस पॉलिंगच्या १९३९ च्या पुस्तकाने ती जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांपर्यंत पोचवली.

याच विषयातले भारताचे नावही इथे घेतले पाहिजे. हायड्रोजन बंधाची व्याख्या नव्याने करण्यासाठी रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जो गट नेमला, त्याचे प्रमुख बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. ई. अरुणन होते, आणि त्याच संस्थेतले प्रा. गौतम देसिराजू त्या गटात होते. २०११ साली ही व्याख्या प्रसिद्ध झाली. फ्लोरिन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन एवढ्यांपुरता हायड्रोजन बंध मर्यादित नाही, हे तिने मान्य केले. पुढे २०१८ मध्ये अरुणन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मलहरी वर्णपटाच्या साहाय्याने दाखवून दिले की अतिशीत अवस्थेत हायड्रोजन सल्फाइडचे दोन रेणूही पाण्याच्या दोन रेणूंसारखेच हायड्रोजन बंधाने जोडले जातात. मग सल्फाइड उणे ६० ला का उकळते? कारण तो बंध फार दुबळा आहे. गोठलेल्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये प्रत्येक रेणूभोवती बारा शेजारी दाटीने बसलेले असतात, बर्फात मात्र चारच. बंधाला दिशा पाळायला लावण्याची ताकद पाण्यात आहे, सल्फाइडमध्ये नाही. ‘सल्फाइडमध्ये हायड्रोजन बंध नसतो’ असे फळ्यावर लिहिण्याऐवजी ‘फार क्षीण असतो’ असे लिहायला आता हरकत नसावी.

पाण्यापुरते बोलून थांबलो तर विषयावर अन्याय होईल. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरकडे या. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनचे रेणुवस्तुमान ४४, ते उणे ४२ ला उकळते. ब्युटेनचे ५८, ते जवळजवळ शून्याला. त्यांना द्रवरूपात ठेवायला दाब आणि जाड पत्रा लागतो. १८ वस्तुमानाचे पाणी मात्र त्याच ओट्यावर उघड्या पातेल्यात शांत असते.

या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. हा रेणू म्हणजे इथाइल अल्कोहोलच, फक्त ऑक्सिजनच्या जागी सल्फर. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, मर्कॅप्टन त्याहून मोठा रेणू असून ३५ ला. आता यांचे समघटक घ्या, म्हणजे तेच अणू, तितकेच, पण जोडणी वेगळी. इथाइल अल्कोहोलचा समघटक डायमिथाइल इथर. दोघांतही कार्बन दोन, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन एक. इथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसतो, त्याला हायड्रोजन जोडलेला नसतो, त्यामुळे देण्यासारखे काहीच उरत नाही. इथर उणे २४ ला उकळतो. एक हायड्रोजन जागेवरून हलवला आणि १०२ अंश गेले! हीच अदलाबदल सल्फरमध्ये करून पाहा. मर्कॅप्टन ३५ ला उकळतो आणि त्याचा समघटक डायमिथाइल सल्फाइड ३७ ला. फरक दोन अंश, तोही उलट दिशेने. हायड्रोजन बंधाचा परिणाम वेगळा काढून दाखवणारी याहून स्वच्छ तुलना मला माहीत नाही. ती पाठ्यपुस्तकात का नसते, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

याचा व्यवहारातला परिणाम पाहा. डायमिथाइल इथर हा प्रोपेन आणि ब्युटेन यांच्या मधोमध उकळत असल्यामुळे स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळण्याजोगे इंधन ठरतो, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्याच्या निर्मितीवर काम झाले आहे. त्याच अणूंचे इथेनॉल, म्हणजे इथाइल अल्कोहोल, पेट्रोलच्या टाकीत जाते. एकाची जागा सिलिंडरमध्ये, दुसऱ्याची पेट्रोलपंपावर.

अल्कोहोलची साखळी लांबवत नेली की आणखी एक गोष्ट दिसते. मिथेन आणि मिथेनॉल यांच्या उत्कलनांकांत २२६ अंशांचे अंतर आहे. इथेन-इथेनॉलमध्ये १६७, प्रोपेन-प्रोपेनॉलमध्ये १३९, ब्युटेन-ब्युटेनॉलमध्ये ११८, आणि आठ कार्बनांच्या जोडीत जेमतेम ७०. प्रत्येक अल्कोहोलात हायड्रोजन बंध करणारे टोक एकच, पण कार्बनची शेपटी वाढत जाते आणि लंडनचे बल वरचढ होत जाते. उलट ते टोक वाढवले तर? दोन टोकांचे इथिलीन ग्लायकॉल १९७ ला उकळते, तीन टोकांचे ग्लिसरीन २९० ला. ग्लिसरीन इतके घट्ट का ओघळते, याचेही उत्तर तेच.

कोकणातल्या श्रोत्यांसाठी एक उदाहरण. शिळ्या मासळीचा वास प्रामुख्याने ट्रायमिथाइल अमीनचा असतो. त्यात नायट्रोजनला तीन कार्बन जोडलेले, हायड्रोजन एकही नाही. तो ३ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्या हवेत तो वायूच. त्याचाच समघटक प्रोपिल अमीन, नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असलेला, ४८ अंशांपर्यंत थांबतो. मासळीला कोकम किंवा लिंबू लावले की आम्लातला हायड्रोजन त्या अमीनला चिकटतो, त्याचा क्षार बनतो आणि तो उडायचा थांबतो. घरोघरच्या बायकांनी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे, रसायनशास्त्राने तिचे कारण सांगितले.

बंध कोणाकोणामध्ये, हा प्रश्न मी मघाशी अर्धवट सोडला होता. नायट्रोफिनॉलचे दोन समघटक घ्या. पॅरा प्रकारात देणारे आणि घेणारे टोक बेंझिनच्या कड्याच्या विरुद्ध बाजूंना असतात, त्यामुळे बंध शेजारच्या रेणूंशी होतात आणि पदार्थ २७९ अंशांना उकळतो. ऑर्थो प्रकारात दोन्ही टोके शेजारी शेजारी. तिथे रेणू स्वतःशीच बंध जोडून घेतो आणि बाहेर द्यायला फारसे काही उरत नाही. तो २१६ ला उकळतो. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत या मिश्रणात वाफ सोडली की ऑर्थो प्रकार वाफेबरोबर निघून जातो, थंड नळीत पिवळे स्फटिक दिसू लागतात आणि पॅरा मागे राहतो. बंध दोघांतही आहे. एकात तो उत्कलनांक चढवतो, दुसऱ्यात तो शेजाऱ्यांपासून रेणूला मोकळा ठेवतो.

ॲसेटिक आम्लाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ते ११८ अंशांना उकळते, पाण्याच्याही वर. तर मग त्याची वाफ करायला पाण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागायला हवी. पाण्याला मोलमागे ४०.७ किलोज्यूल लागतात आणि ॲसेटिक आम्लाला सुमारे २४. असे कसे? कारण त्याचे रेणू दोन बंधांनी जोडीजोडीने घट्ट बांधलेले असतात आणि वाफेत जातानाही बरेचसे जोडीनेच जातात. ते बंध उकळताना तुटतच नाहीत, मग त्यांची किंमतही मोजावी लागत नाही. हायड्रोजन फ्लुओराइडही वाफेत बऱ्याच अंशी सहा-सहा रेणूंची कडी करून राहतो, आणि तो इतक्या लवकर का उकळतो याचे उरलेले उत्तर इथे आहे. पाणी वाफ होताना जवळजवळ सगळे बंध तोडते. त्याच्या १०० अंशांइतकीच त्याची बाष्पनाची उष्णताही म्हणूनच विलक्षण आहे.

ही उष्णता किती? एक किलो पाणी शून्यापासून शंभरापर्यंत तापवायला सुमारे ४१८ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच पाण्याची शंभर अंशांना वाफ करायला २,२५७. पाचपटीहून जास्त. माठातले पाणी गार होते ते या हिशेबाने, आणि घाम वाळताना अंग थंड होते तेही. अरबी समुद्रावरून उठलेली वाफ ही उष्णता पोटात घेऊन सह्याद्रीपर्यंत येते आणि ढग बनताना ती हवेत सोडते. पावसाळ्याच्या ऊर्जेचा मोठा भाग या तुटलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या बंधांचा आहे.

आता महाराष्ट्राला अगदी जवळचे उदाहरण. साखर कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवल्यावर जो द्रव मिळतो, त्यात अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास असते. अल्कोहोल ७८ ला उकळते, पाणी १०० ला, मग ऊर्ध्वपातनाने दोन्ही पूर्ण वेगळी व्हायला हवीत. होत नाहीत. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल झाले की मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे दोघांच्याही आधी, उकळू लागते आणि वाफेतही तेच प्रमाण उतरते. स्तंभ कितीही उंच बांधला तरी पुढे जाता येत नाही. कारण असे की या मिश्रणात अल्कोहोलच्या कार्बनी शेपट्यांमुळे पाण्याला आपले चार शेजारी मिळत नाहीत. दोन्ही रेणू एकमेकांशी बंध करतात खरे, पण पाण्याचे स्वतःचे जाळे मोडल्याची पूर्ण भरपाई त्यातून होत नाही. रेणू शुद्ध द्रवात असतील त्यापेक्षा थोडे सहज सुटतात आणि उत्कलनांक किंचित उतरतो.

पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र इथेनॉल जवळजवळ कोरडे लागते. त्यात पाणी राहिले तर अल्कोहोल पाण्याची बाजू धरते आणि दोघे पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. हाही हायड्रोजन बंधच. त्यामुळे शेवटचे चार-पाच टक्के पाणी काढायला आसवनीत झिओलाइटची रेणूचाळणी वापरतात. तिची छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू त्यात शिरतो आणि अडकतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरूनच पुढे जातो. उकळण्याने जे जमत नाही, ते रेणूच्या आकाराने जमते. आज देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यातला प्रत्येक थेंब अशा कोरडे करण्याच्या पायरीवरून आला आहे.

समोर बसलेल्या शिक्षकांना एक विनंती करतो. मघाशी मी चार रांगांतले सोळा उत्कलनांक सांगितले. पुढच्या वेळी हा धडा आला की हायड्रोजन बंधाची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी ते सोळा आकडे आणि एकेक आलेखकागद मुलांच्या हाती द्या. रेघा त्यांनाच ओढू द्या. रेघ सोडून गेलेले तीन बिंदू त्यांनाच सापडू द्या. मग विचारा की तिघांतही पाणीच सर्वांत वर का गेले, आणि त्यांना एक आठवडा द्या. उत्तर लगेच सांगू नका.